चौथ्या रेकॉर्डवरचं हसू

सोलापूर, २ जुलै

हृषीकेश,

चारही रेकॉर्डच्या फाइल मिळाल्या. सोबतचा तुझा आवाजी निरोपही मिळाला. तो मी ऐकलेला नाही आणि ऐकणार नाही. घटस्फोटानंतर तुझा आवाज ऐकावा लागत नाही एवढी एकच सोय मला झाली आहे. काही सांगायचं असेल तर लिही.

तुझ्या रेकॉर्ड-लेबलच्या नव्या रेकॉर्डसाठी मी पूर्वीसारख्या चार-चार ओळी लिहून द्याव्यात असं तुझं म्हणणं दिसतं. पुण्यात आपण दोघं लेबल चालवायचो तेव्हा मी लिहायचे. तेव्हा आपले श्रोते मोजके होते आणि त्यातले निम्मे आपल्याच घरी झोपायला असायचे. आता तू बर्लिनमध्ये आहेस. तिथे टेक्नो म्हणजे धर्म आहे असं तूच सगळ्यांना सांगतोस. तरी कान माझेच लागतात.

ऐकलं. घे.

पहिली, फिनलंडच्या माणसाची. किकचा संथ ठोका, त्याच्यामागे वाफ. प्रत्येक सूर धुक्यातून येतो आणि धुक्यात जातो. याला तुम्ही खोल म्हणता. मी इथे एका डाळिंबाच्या शीतगृहात उभी राहिले आहे. आवाज हाच होता. फक्त तिथे डाळिंबं टिकत होती.

दुसरी, लिस्बनच्या मुलीची. मिनिटाला दीडशे ठोक्यांच्या वरचा वेग, वर लोखंडावर लोखंड. ती कशावर तरी रागावली आहे आणि कशावर ते तिलाही माहीत नाही. दार आपटून जायचं आणि पुन्हा आपटता यावं म्हणून परत यायचं, असं सहा मिनिटं चालतं. गणपतीत आमच्या कॉलनीसमोर डॉल्बी लागतो तो मला सहन होत नाही, पण तो प्रामाणिक आहे. त्याला खिडक्या हलवायच्या असतात. तो हलवतो.

तिसरी, बेंगळुरूच्या मुलाची. तुटका ठेका, खाली जुन्या बेस मशीनचा तो पिळवटलेला आवाज, जो दर दोन वर्षांनी कुणीतरी नव्याने शोधून काढतं. याच्याकडे कल्पना आहेत. पहिल्या मिनिटात त्याने त्या सगळ्या संपवल्या आहेत. तरीही चौघांत हा एकच पुढे काही करेल, तू त्याला बिघडवलं नाहीस तर.

चौथी तुझी.

मला वाटलं होतं तू निदान मला न सांगता करशील. तू सांगितलंस, तेही परवानगी मागण्यासाठी. तुझ्या वितरकाला, ओळखू येईल अशा प्रत्येक आवाजाची संमती हवी आहे. ढोल, पुरुषांच्या हाका, आणि मग एक बाई हसते. ते हसू तू लूपमध्ये घातलं आहेस. ते पुन्हा पुन्हा येतं. ते माझं आहे.

सोबतच्या मजकुरात तू लिहिलं आहेस, ‘दख्खनच्या पठारावरील मेंढपाळांचा प्राचीन विधी. मध्यभागी एका अनाम स्त्रीचा समाधीतला उद्गार.’

अनाम स्त्री. तुझं तिच्याशी नऊ वर्षं लग्न झालेलं होतं.

संमती द्यायची की नाही ते मी ठरवलेलं नाही. ढोलवाल्यांच्या नावाच्या जागी तू ‘पारंपरिक, अज्ञात’ असं लिहिलं आहेस. ते अज्ञात नाहीत. त्यांनी आपल्याला जेवायला घातलं होतं. त्यांना विचारलंस का? ते आधी कळव.

ज्ञानदा


सोलापूर, ११ जुलै

हृषीकेश,

नाही विचारलंस. मला वाटलंच होतं. त्यांचा नंबर हरवला, आता कॉलेजला जून-जुलैत तास कमी असतील तर मीच जाऊन विचारून यावं, असं लिहितोस. तास कमी नसतात. पण मी जाणार आहे. तुझ्यासाठी नाही.

तू लिहितोस की माझं हसू हा त्या ट्रॅकचा कणा आहे. आणि पुढच्याच वाक्यात लिहितोस की मी तेव्हा कशाला हसले होते ते तुला आठवत नाही. मला आठवतं. सांगते.

भाद्रपदातली बिरुदेवाची जत्रा. सांगोल्याच्या पुढची ती वाडी. आदल्या रात्री पाऊस झाला होता. तू कानाला हेडफोन लावून, त्या लांब काठीला माइक बांधून शेकोटीभोवती फिरत होतास. माइकवर वारा लागू नये म्हणून तू ते पांढरं केसाळ आवरण चढवलं होतंस. चेहरा असा की जणू तू तिथे जन्मला आहेस. धनगरांची माणसं बघत होती, पण पाहुणा म्हणून कुणी बोलत नव्हतं. सिद्धरामतात्या तेवढे ढोलावर थाप मारून “आजून ढिला हाय, आजून ढिला हाय” म्हणत होते. आणि त्यांचा पुतण्या येडू तुझ्या माइककडे बघत एकदम म्हणाला, “आरं, ह्या पावन्यानं कोकराला काठीला बांदून आनलंय की!”

मी खाली बसून हसले. ते हे हसू.

तुझ्या ट्रॅकमध्ये “आजून ढिला” आहे. कोकराचं वाक्य नाही. त्याच्या लगेच पुढचं हसू आहे. म्हणजे तू बरोबर तिथेच कात्री चालवलीस. तुला आठवत नाही हे खरं असेल, पण तुझ्या हाताला आठवत होतं. विनोद तुझ्यावर होता म्हणून तो कापलास, हसू तुझ्या कामाचं होतं म्हणून ठेवलंस, आणि मग त्याला समाधी म्हणालास.

मुखपृष्ठ पाहिलं. पिवळ्या धुरात एक ढोल. भंडारा असावा. ज्या बाईने ते केलं आहे तिचा पत्ता खाली छापला आहे आणि तो तुझाच आहे. मला असं कळायला नको होतं अशातला भाग नाही. कसंही कळलं असतं.

तिन्ही रेकॉर्डच्या ओळी मी लिहिणार नाही. मागच्या पत्रात लिहिल्या आहेत त्याच माझ्या ओळी.

ज्ञानदा


सोलापूर, २० जुलै

हृषीकेश,

जाऊन आले. सगळं सांगते, कारण तुला अर्धंच सांगितलं की तू उरलेलं स्वतः बनवतोस.

सांगोल्यापर्यंत एसटीने, पुढे वडापच्या जीपने. सिद्धरामतात्या घरासमोरच्या कट्ट्यावर चातीवर लोकर कातत बसले होते. ओळखायला वेळ लागला नाही. “ह्या त्या पुन्याच्या ताई,” असं त्यांनी आत सांगितलं. बनाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्या मागे बघू लागल्या.

“मालक कुटं हायती?”

“लांब असतात. जर्मनीत.”

“आनि तू हितं व्हय?”

“मी सोलापुरात. कॉलेजात शिकवते.”

“बरं हाय की,” त्या म्हणाल्या. “यीत आसतील दिवाळीला.”

मी चहा घेतला.

ट्रॅक मी आधी फोनवर लावला. त्यावर तुझा बेस ऐकूच येत नव्हता. नुसतं कुणीतरी डबा वाजवतंय असं वाटत होतं. तेवढ्यात येडू ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने ट्रॅक्टरला पुढे-मागे मोठे स्पीकर बसवले आहेत. “म्याडम, ह्याच्यावर लावा, जमीन हालंल,” म्हणाला. तेव्हा तुला कळवते की तुझा ट्रॅक पहिल्यांदा चारचौघांत वाजला तो ट्रॅक्टरवर, दुपारी, दोन शेळ्यांच्या उपस्थितीत.

जमीन हलली. येडूने मान डोलावली. सिद्धरामतात्यांनी चाती थांबवली. थोडा वेळ ऐकलं, मग हात वर केला.

“थांब. बंद कर. आरं, ह्ये तर आमी ढोल शेकतुय.”

“व्हय की!” येडू ओरडला. “तात्या, तुमीच वरडताय. आजून ढिला, आजून ढिला!”

“वाजवल्यालं कुटाय?” तात्यांनी मला विचारलं. “फुडं आसंल की.”

मी म्हणाले, “पुढे काही नाही. एवढंच पुन्हा पुन्हा आहे.”

“म्हंजी नुसतं शेकायचंच?”

“हो.”

“आन् लोक ह्याच्यावर नाचत्यात?”

“नाचतात. सकाळपर्यंत.”

“तवा तापला तेवड्यावरच हात धुऊन उटल्यावानी,” बनाबाई म्हणाल्या.

तुला कळलं नसेल तर समजावून सांगते. मलाही त्या दिवसापर्यंत कळलेलं नव्हतं. पावसाने कातडं सैल पडतं. सैल ढोल देवापुढे नेत नाहीत. मग शेकोटी करायची, कातडं तापवायचं, दोरी ओढायची, थाप मारून बघायचं, पुन्हा तापवायचं. यात सगळी दुपार जाते. थोरला माणूस ‘चढला’ म्हणेपर्यंत ढोल उचलत नाहीत. मग देवळासमोर नेतात, भंडारा उधळतात, आणि गजीचा नाच सुरू होतो. आपण दुपारभर रेकॉर्ड केलं, तू “मिळालं” म्हणालास, आपण जेवलो आणि पुण्याच्या गाडीसाठी निघालो. जत्रा त्यानंतर झाली.

“तुमी सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“पावनं घाईत हुतं,” तात्या म्हणाले. “आन् लई खूश दिसत हुतं. खूश मानसाला कसं सांगायचं, आजून सुरू न्हाय झालं?”

म्हणजे तुझा प्राचीन विधी हा आहे. वाद्य जुळवणं. तू एका गवयाला तंबोरा लावताना ऐकलंस आणि मैफल संपली म्हणून टाळ्या वाजवून घरी गेलास. मीही तुझ्याबरोबर गेले. पण मी त्याची रेकॉर्ड काढली नाही.

येडू वेगळ्याच कारणाने नाराज होता. हसू आलं तसा त्याने ट्रॅक मागे घेतला, पुन्हा लावला. “माजं कोकराचं वाक्य कुटं गेलं? म्याडमचं हासू ठिवलं आन् मला कापलं व्हय? हासवलं कुनी?”

“ही तू हाईस,” बनाबाई मला म्हणाल्या. “किती हासली हुतीस गं तवा. खालीच बसलीस.” मग परत ऐकलं. “सारकं सारकं लावल्यावर रडल्यावानी वाटतंय.”

मी स्पीकर बंद करायला सांगितलं.

आता नावाचं. मी तयारी करून गेले होते. तात्यांना सांगितलं की तुमचा ढोल आहे, तुमचं नाव छापलं पाहिजे, मी ते छापायला लावल्याशिवाय राहणार नाही. बराच वेळ बोलले. वर्गात बोलते तशी. तात्या घाबरले.

“नाव? नगो नगो. नाव अजिबात न्हाय.”

“का?”

“ढिल्या ढोलाला माजं नाव? मंगळवेड्याकडची ढोलाची पार्टी ऐकंल. म्हनतील, सिद्धरामाला ढोल चडवता येत न्हाय.”

“जर्मनीत कोण ऐकणार तात्या?”

“फोनवर समदं येतंय ताई. ह्या येडूला इचारा, कुटलं कुटलं बगतोय त्यो.” मग शांत होऊन म्हणाले, “आवाज वाजवा की. आमचं काय जातंय. नाचू द्या लोकांस्नी. पर बिननावाचं ऱ्हाऊ द्या.”

तेव्हा तुझा ‘अज्ञात’ राहील. चुकून बरोबर लिहिलं आहेस. त्यावरून माझा एवढ्या दिवसांचा संताप वाया गेला. हेही मी तुला लिहून कळवते आहे, याची नोंद घे.

‘विधी’ मात्र काढ.

माझ्या संमतीचं अजून ठरलेलं नाही.

ज्ञानदा


सोलापूर, ३ ऑगस्ट

हृषीकेश,

तुझं लांबलचक पत्र वाचलं. ढोल शेकण्याची हकीकत ऐकून तुला वाईट वाटेल अशी माझी समजूत होती. तू तर हरखला आहेस. ‘हे तर जास्तच सुंदर आहे.’ आता रेकॉर्डचं नाव तू ‘शेक’ ठेवणार आहेस आणि मजकुरात ‘सुरू होण्यापूर्वीचा काळ’ याविषयी परिच्छेद घालणार आहेस. तुला कुठलीही चूक टिकू देता येत नाही. तू तिचं लगेच धोरण करतोस. लग्नातही हेच चालायचं. तू विसरलास की ती मोकळीक असायची, तू उशिरा आलास की ती माझ्यावरची श्रद्धा असायची.

आणि दुसरं. फिनलंडची रेकॉर्ड बाहेर आली, त्यावर तू माझं डाळिंबांचं वाक्य छापलंस. शिवी होती ती. आता तुझ्या तिकडची माणसं ती कौतुकाने एकमेकांना पाठवत आहेत. ‘शीतगृहासारखं टेक्नो.’ एकाने लिहिलं आहे की त्याला डाळिंबांचा थंडावा जाणवला. लिस्बनच्या मुलीलाही दाराचं वाक्य आवडलं आणि तिने मला आभाराचं पत्र पाठवलं. चांगलं पत्र आहे. ती तुझ्यापेक्षा साधी आहे. तिला मी उत्तर देईन आणि तिच्या रेकॉर्डविषयी थोडं सौम्य लिहीन. तुझ्या क्लबात माणसाचा तिरस्कारही पोहोचत नाही, याचं मला हसू येत नाही. भीती वाटते.

तर माझ्या हसण्याविषयी. तू लिहितोस, ते काढलं तर ट्रॅक मरतो. तू लिहितोस, ‘तेवढंच तुझं माझ्याकडे उरलं आहे.’

कुणाचं काही उरलं असेल तर माणूस ते कपाटात ठेवतो. तू त्याला किकवर बसवतोस.

मी तो ट्रॅक किती वेळा ऐकला ते तुला सांगणार नाही. पहिल्यांदा हसू येतं तेव्हा ती मी असते. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तो बाईच्या हसण्याचा आवाज असतो, कुठल्याही बाईच्या. मग वरच्या पट्टीतला भाग तेवढा उरतो आणि त्याची धार लागते. नंतर बनाबाई म्हणाल्या तसं ऐकू येतं. तू वेग वाढवतोस तिथे ते किंचाळणं आहे. तू हे मुद्दाम केलेलं नाहीस. एवढं जरी मुद्दाम केलं असतंस तरी मी तुला कलावंत म्हणाले असते.

त्या दुपारी मी तुला हसले. चारचौघांत हसले, खाली बसून हसले. आणि संध्याकाळी तुझ्याच बरोबर गाडीत बसले. तुझं डोकं पुण्यापर्यंत माझ्या खांद्यावर होतं आणि ते केसाळ आवरण माझ्या मांडीवर. मला तुझा राग नव्हता. नंतर मी तुला हसायची ते वेगळं हसू होतं. ते तुझ्याकडे भरपूर रेकॉर्ड केलेलं असेल. त्यातलं हवं ते घे. समाधी म्हण, काहीही म्हण. त्याला माझी संमती आहे.

या हसण्याला नाही. हे लोकांना नाचायला द्यायचं नाही.

हसू काढून टाक. ढोल ठेव, तात्यांच्या हाका ठेव, त्यांची हरकत नाही. ट्रॅक मेला तर मरू दे. आजवर तुझे पुष्कळ ट्रॅक मेलेले आहेत, तरी ते बाजारात फिरतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण मी तुला ओळखते. तिथे दुसऱ्या कुणाचं हसू घालू नकोस. मशीनवर बनवलेलं माझ्यासारखं हसूही घालू नकोस. मला ऐकताक्षणी कळेल.

ज्ञानदा


सोलापूर, १७ ऑगस्ट

हृषीकेश,

या वेळी तू काही लिहिलं नाहीस, फक्त फाइल पाठवलीस. हे मला बरं वाटलं.

फाइल आठवडाभर उघडली नाही. काल दुपारी पेपर तपासायचे होते, ते बाजूला ठेवून हेडफोन लावले. तुझी बाजू घेण्याची माझी अजिबात तयारी नव्हती. पेन हातात होतं. पहिल्या मिनिटासाठी दोन वाक्यं तयारही झाली होती.

किक आधीपेक्षा मागे गेली आहे. ढोल पुढे आला आहे. सैलच आहे, आणि आता तो सैल आहे हे तू लपवत नाहीस. वर कापडासारखं जे काय पसरलं होतंस ते गेलं. तात्या म्हणतात, आजून ढिला हाय. थाप. पुन्हा म्हणतात. थाप. दोरी ओढल्याचा करकर आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. तू त्याच्यावर काहीतरी घातलं होतंस, ते काढलं आहेस.

मग ती जागा आली. मी दात आवळून बसले होते. मला वाटलं तू तिथे चिपळी टाकली असशील, किंवा प्रतिध्वनी, किंवा ती बाई, जिचा पत्ता तुझा आहे. काहीतरी भरल्याशिवाय तुला राहवत नाही. आपल्या घरातही भिंत मोकळी दिसली की तू काहीतरी टांगायचास.

तू काही भरलेलं नाहीस.

तिथे सगळं थांबतं. शेकोटीतलं लाकूड फुटतं. कुणीतरी पाय बदलतं. एवढ्या वेळात कुणीतरी हसलं असतं, हे कळतं. मग तात्यांची हाक येते आणि थाप पडते. पुढच्या वेळी पुन्हा तेच. प्रत्येक वेळी मी त्या जागेची वाट बघितली आणि प्रत्येक वेळी ती मोकळी आली. शेवटी तर ती जागा येण्याआधीच मला ती ऐकू यायला लागली. ढोल चढत नाही. शेवटपर्यंत चढत नाही. ट्रॅक संपतो.

चांगला आहे. तुझ्या नावावरचा हा पहिला चांगला ट्रॅक. पहिल्या तीन रेकॉर्डसमोर तो ठेवला तर त्या तिघांना घरी जावं लागेल. मी यात शिवी कुठे घालता येईल ते शोधलं. सापडली नाही.

हे मला आवडलेलं नाही. तू काढून टाकलेल्या जागेला एवढं ऐकू शकतोस, तर मी असताना काय करत होतास, असा प्रश्न आहे. उत्तर लिहू नकोस. तुझ्या उत्तराचीही तू रेकॉर्ड काढशील.

ओळी मागू नकोस. यावर माझी एकही ओळ छापायची नाही, आभारांतही नाव नको.

तुझ्या वितरकाला कळव की माझ्या संमतीची आता गरज नाही. त्यात माझं काही नाही. प्रसिद्ध कर.

ज्ञानदा